बॅटरीचं झाकण

रोड नंबर सोळावरच्या प्रेसशॉपमध्ये
एकतीस वर्षं पत्रा कापला.
कान तिथेच राहिले, डबा विसरावा तसे.
ग्रॅच्युइटीत त्यांचा हिशोब नव्हता.

नंतर कचराळी तलावाच्या बाकावर
मंडळी हसली की मीही हसायचो,
अर्धा श्वास उशिरा.
एकदा पेडणेकर बायकोच्या बायॉप्सीचं सांगत होता
आणि मी हसलो.
तेव्हापासून पलीकडच्या बाकावर, एकटा.

शेवटी पोराने नौपाड्यात नेलं.
काचेच्या खोलीत बसवून बाई म्हणाल्या,
आवाज आला की बटण दाबा.
मी अंदाजानेच दाबत राहिलो,
कॉपी करणाऱ्या पोरासारखा.
आलेख निघाला, येऊरच्या उतारासारखा.
यंत्र पावट्याएवढं.
किंमत मात्र यंत्राशिवायही ऐकू आली.

घरी फोडणी तडतडली, केवढ्यांदा!
पेपरचं पान उलटलं तर पत्राच कापल्यासारखं.
टीव्ही पंचेचाळीसवरून अठरावर आला,
शेजारच्या गुप्तेबाईंनी म्हणे नारळ फोडला.

आणि कुंदा.
ओट्याशी पाठमोरी, भोपळा चिरताना
बोलत होती. हळू, मजेत.
"म्हटलं होतं, राजापूरची जागा विकू नका.
ऐकलंत? तेव्हा तर कान होते."
जरा थांबून, "आज गुडघा बरा आहे हो."
मग चौऱ्याहत्तर साली बघायला आलेल्या
कुणा दिवाकरचं काहीतरी,
आणि एक बारीक हसू
जे माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

किती वर्षं चाललं असेल हे?
भिंतीशी बोलावं तसं.
पण भिंतीला कुणी "अहो" म्हणत नाही.

खोकलो असतो तर गप्प झाली असती,
कायमची.
नखाने झाकण उघडलं.
बॅटरी तळहातावर, रक्तदाबाच्या गोळीएवढी.
खोली परत कापसात गेली.
तिचे खांदे तेवढे हलत राहिले,
मी बघत बसलो.

संध्याकाळी झाकण लावलं.
"चहा टाकू?" तिने विचारलं.
ऐकू आलं होतं,
आलं किसल्याचंसुद्धा.
तरी जुन्या सवयीने म्हणालो, "काय?"

ती जवळ आली, खांदा धरून
कानात वाकली.
यंत्राने लांबलचक शिट्टी मारली.
दोघंही दचकलो.
"या वयात?" ती म्हणाली.