खडूचा ट्रक

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, खोल्या मोजल्या,
हलकी शीळ घातली आणि आकडा सांगितला : सात हजार.
डेल्फीनने त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर कप विसळताना म्हणाली,
"आपलं आपणच हलवू."

तेव्हापासून विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब चाललाय.
डलूथ ते लास क्रूसेस, पंधराशे पन्नास मैल.
सोळा फुटी ट्रक गॅलनला दहा मैल देतो म्हणे,
मी नऊच धरलेत, एक माझ्या नशिबाचा वजा.
महिनाअखेर नको, भाडं चढतं. मधला मंगळवार.
पहिली रात्र ओमाहात, तिच्या मावसभावाकडे, जमिनीवर.
केळ्यांची खोकी सुपरमार्केटातून, फुकट,
दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं असतात.
दारूच्या दुकानातल्या खोक्यांना आत खण, पेल्यांना ती बरी.
पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या.
उलटं केलं की कंबर बोलते.

बशा गुंडाळायला कागद मात्र माझा आहे.
गिरणी बंद झाली त्या दिवशी फोरमनने दिलेलं रिळाचं शेपूट,
वर्तमानपत्राचाच कागद, पण कोरा.
बावीस वर्षं मी बातम्यांच्या खालचा भाग बनवत होतो.
आता त्यात सासूबाईंचे सूपचे वाडगे जातायत.
बोटांना शाई लागत नाही.

एका रविवारी सिग्नेने गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर खडूने ट्रक काढला.
सोळा फूट लांब, साडेसात रुंद,
उंची तेवढी गॅरेजच्या दारावर, एक आडवी रेघ.
"यात बसेल ते आपलं."
तेरा वर्षांची आहे. असंच बोलते.

मग एकेक वस्तू आणून रेघांच्या आत.
जड कपाट पुढे, गाद्या उभ्या, खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर.
शेजारचा राइमो लाहती दाढी खाजवत उभा.
न विचारता सल्ला देत नाही, विचारला तरी क्वचित.
सोफा त्याने घेतला, साठ डॉलरला. दीडशे मैल.
हल्ली मी सगळं मैलांतच मोजतो :
वॉशिंग मशीन तीनशे, बर्फ ढकलायचं यंत्र चारशे,
लग्नातला डिनर सेट कुणी विचारलाच नाही.

राहिली होडी.
वडिलांची, हिरवी, सतरा फूट.
ट्रक एका फुटाने तोकडा.
आणि तिकडे वाळवंट. नदी आहे,
पण वर्षातले कित्येक महिने नुसतं पात्र.
राइमो म्हणाला, दोनशे चाळीस.
सहाशे मैल! कॅन्ससच्या वेशीपर्यंत नेलं असतं तिने,
पाण्याशिवाय.
मी हो म्हणालो.

सिग्ने काही बोलली नाही. खडूच्या ट्रकमध्ये जाऊन आडवी झाली,
एका कोपऱ्यात टाचा लावून, हातात दोरी, तिरपी.
उठली, आणि काँक्रीटवरच लिहीत सुटली,
सोळाचा वर्ग, साडेसातचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ.
सतरा फूट आठ इंच.
"पालथी घाला, सगळ्यांच्या वर. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."
राइमोने मोजलेल्या नोटा परत खिशात ठेवल्या.
दुसऱ्या दिवशी पायरीवर बांधायचे पट्टे ठेवलेले दिसले,
जुने, त्याच्या बोटीचे.

डेल्फीन बिलाच्या पाठीकडे बघत राहिली.
तिच्याच छातीसाठी चाललोय आम्ही, कोरड्या हवेकडे.
"पाऊणशे पौंड वजन," ती म्हणाली. "कशासाठी?"
मग खोकली, बराच वेळ,
आणि पाणी पिऊन म्हणाली,
"खाली गाद्या घाला तिच्या. घासेल नाहीतर."

तिकडे विंचू असतात, सिग्नेने वाचलंय,
पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतात.
मंगळवारी पहाटे निघालो तेव्हा बाजूच्या आरशात
तो दुसरा ट्रक तिथेच होता, रिकामा, थोडा पुसट,
आणि राइमो त्याच्या रेघेबाहेर पाय जपून उभा.

हिशेबात सहाशे मैल कमी पडतायत.
ओमाहापर्यंत पुरेल.
पुढचं ओमाहात मांडू.