आवाज फाटका

तिबिलिसीच्या स्टेशनावरचा बाजार, दुसरा मजला.
सोनारांची रांग संपते तिथे आमची काचेची टपरी.
मालक गोचा. मी त्याचा पोऱ्या, तीन वर्षांचा मुरलेला;
कुठलाही फोन कुणाच्याही गळ्यात मारू शकतो.

मंगळवारी लामझिरा आली.
मधल्या बोटावर अंगुस्तान, काढायचं राहून गेलेलं.
मी सुरू झालो : दोन स्पीकर, घुमतो कसा बघा,
भर गोंगाटातही समोरच्याचं अक्षर न् अक्षर –
तिने कानाकडे बोट नेलं
आणि हवेतलं सगळं पुसून टाकलं,
फळा पुसावा तसं.

मग एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं :
माझे हात मावतील असा दे.

मी सर्वांत मोठा काढला.
नाही.
हातात मावणारा नको. हात आत मावायला हवेत, दोन्ही,
कोपरापासून.

मुलगी बारीला असते, इटलीत,
एका म्हातारीला उठवते, बसवते, भरवते.
रात्री नऊला दोघी बोलतात.
जुन्या फोनची चौकट अरुंद,
लामझिराला हात आखडता घ्यावा लागतो,
आणि ‘मी बरी आहे’ ही त्यांच्या घरातली खूण
छातीपाशी निघून खांद्यापलीकडे जाते.
चार वर्षं मुलीला नुसतं ‘मी’ दिसतं.
पुढचं काठावर सांडतं.
मुलगी विचारते, काय लपवतेस?

हे सगळं कागदावर, बारीक अक्षरात.
मी किती मेगापिक्सेल ते सांगायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

तिचे प्रश्न वेगळेच होते.
पुढचा कॅमेरा किती रुंद बघतो?
स्वयंपाकघरात एकच दिवा आहे,
त्यात बोटं धुरासारखी होतात का?
घाईत बोलले तर मधली बोटं गळतात का?
(बोट गळालं की शब्द तोतरा होतो,
आणि भांडताना तोतरं होऊन कसं चालेल?)
फोन उभा कशावर करू? सध्या साखरेच्या डब्याला टेकवते.
थरथरतो किती?

हे शेवटचं तिने स्वतःच तपासलं.
एकेक फोन काउंटरवर ठेवून मला वाजवायला लावला
आणि काचेला गाल टेकवला.
तिसऱ्याला डोळे मिटले. चौथ्याला तोंड वाकडं.
गोचा म्हणाला, गिऱ्हाईक आहे की डॉक्टर?

तेवढ्यात मला खालचा खण आठवला.
तिथे एक फोन आठ महिने पडून होता.
कॅमेरा रुंद, अंधारातही लख्ख,
बॅटरी दोन दिवसांची,
थरथर अशी की टेबलावरून चालत जाईल.
कुणी घेईना.
तिने खूण केली : खोट काय?
मी लिहिलं : आवाज फाटका.

लामझिरा हसली.
मोठ्ठ्याने, खरखरीत, कसलाही आडपडदा नसलेलं हसू;
सोनारांनी माना वळवल्या,
मोजे विकणारी बाई मापं सोडून बघत राहिली.

भाव तिने बोटांवर केला.
गोचा अडून बसला, अंगुस्तान काचेवर टकटकलं,
तो वीस लारी उतरला,
आणखी टकटकलं, आणखी दहा.

बारीला फोन लावला तो दुकानातूनच.
मी धरून उभा. तिने तळवा ढकलला : मागे.
एक पाऊल. अजून मागे.
मी टपरीबाहेर, मग मोज्यांच्या ढिगाला टेकलो,
तेव्हा कुठे दोन्ही कोपरं चौकटीत आली.
मला पडदा दिसत नव्हता,
समोर फक्त ती
आणि छातीपाशी सुरू होऊन
खांद्यापलीकडे पूर्ण गेलेला हात.

तिने तो तीनदा केला.
तिसऱ्यांदा जरा रागानेच.

मग माझ्यासाठी कागद :
मुलगी विचारते, फोन धरलेला मुलगा रडतोय का,
चित्र हलतंय.

मी लिहिलं, हा दोष कॅमेऱ्याचा नाही.
पावती केली. हमी सहा महिने,
आवाज सोडून.