लाल कोपरा

इझुमोत तान्ह्याच्या अंगपुसण्याचा
एक कोपरा मंजिष्ठेने लाल करतात.
लालनं तोंड पुसायचं, निळ्यानं उरलेलं अंग.
मी सून होऊन आले तेव्हा
सासऱ्यांनी हे आधी सांगितलं,
न्हाणीघर कुठे आहे ते नंतर.

यासोजी त्यांचं नाव.
हात कोपरापर्यंत निळे, आणि बोलायला कंजूष.
तांदळाची खळ, तीत कोंडा, चुना;
कच्च्या काकीफळांचा चीक पाजलेल्या कागदाचा शंकू
दाबत दाबत कापडावर करकोचा काढायचे
एका दमात, मानेपासून नखापर्यंत.
खळ बसली तिथे पांढरं राहतं.
म्हणजे आपण चित्र काढत नाही, म्हणाले एकदा,
नीळ कुठे येऊ नये एवढंच सांगतो.

करकोचा हजार वर्षांचा.
कासव दहा हजारांचं, म्हणून त्याच्या मागे
शेवाळाची झुपकेदार शेपटी.
पोराला एवढं आयुष्य लागतं कशाला?
पण मागताना कोणी हात आखडत नाही.

त्या हिवाळ्यात इसोनो आली,
छातीशी घडीचं कापड, आमच्याच रांजणातलं,
एकदाही न भिजलेलं.
लाल कोपरा अजून कडक.
"करकोचा बुडवून टाका," म्हणाली.
"दिसता कामा नये."

सासऱ्यांनी काही विचारलं नाही.
रांजणावरचा निळा फेस बाजूला सारला
(त्याला इथे फूल म्हणतात)
आणि कापड आत सोडलं.
बाहेर काढलं की आधी हिरवं, मग वाऱ्यावर निळं.
पुन्हा आत. पुन्हा वारा.
सातपर्यंत मोजलं मी, मग सोडून दिलं.

नदीत धुताना दुसरं टोक माझ्या हातात होतं.
भोवतालची नीळ काळी पडत गेलेली
आणि मधे करकोचा,
दिवेलागणीच्या आभाळाएवढा निळा,
पण होता. पीसन् पीस मोजता येईल असा.
तो जेवढा बुडाला
तेवढीच सभोवार रात्र बुडाली होती.

"अजून बुडवतो," यासोजी म्हणाले,
"पण हा कायम एक बुडी मागेच राहणार."

इसोनो काठावर बराच वेळ उभी.
मग ओल्या कापडात चाचपत
तिने लाल कोपरा शोधला,
तो आता वांग्याच्या सालीसारखा,
आणि त्याने तोंड पुसलं,
स्वतःचं.