गडी कमी पडतोय

फ्रेमाला मातीत ठेवून परतलो तेव्हा
मांडवाखाली दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या,
माणसाच्या उंचीचे स्पीकर
आणि भाताच्या पातेल्यांवर माश्या.
एजिसूत शनिवार असाच असतो.
कुणीतरी जातं, बाकीचे काळं-तांबडं नेसून
जेवायला बसतात.

मी वहीत लिहून घेत होतो
कोणी किती दिले, कोणाच्या नावाने.
हे काम फिरून माझ्याकडेच येतं.
एकतीस वर्षं कोकोच्या गोदामात पोती मोजली,
आणि त्याच्याही आधी, सात वर्षांचा असताना,
शाळेमागच्या भिंतीवर कोळशाने
पोरींचे गुण मांडले.

बिरागो माझी बहीण. तिवा. फ्रेमा.
तिघींचा आम्पे:
एक टाळी, एक उडी, उतरताना एक पाय पुढे.
समोरचीशी पाय जुळला तर एकीचा गुण,
नाही जुळला तर दुसरीचा.
चेंडू नको, दोरी नको,
बापाच्या खिशातलं नाणं नको.
मुलगे नाही खेळत हे, मोठी पोरं म्हणायची.
मीही म्हणायचो.
आणि रात्री चटईवर, चादरीच्या आत,
हळूच पाय पुढे करून बघायचो.
उजवा. डावा. उजवा.

चारच्या सुमारास जनरेटर बंद पडला.
त्या शांततेत तिवा म्हणाली,
"फ्रेमाकडे माझा एक डाव राहिलाय."
टमालेहून रात्रभर बसने आलेली, साठीची,
रक्तदाबाच्या गोळ्या कमरेच्या गाठीत.
"तू त्या दिवशी रडीचा डाव खेळलीस," बिरागो म्हणाली.
"मी? विचार ह्याला!"
दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

एक्केचाळीस-एक्केचाळीस, मी म्हणालो,
शेवटचा बाकी. घंटा झाली होती.

बायकोचा वाढदिवस दरवर्षी विसरणारा मी.

"मग तिचा डाव मी देते," बिरागो म्हणाली.
तिचा गुडघा धातूचा, उडीला डॉक्टरची बंदी.
तिवाने चपला काढल्या.
बिरागो खुर्चीतून उठलीच नाही,
टाळी वाजवली आणि बसल्या जागी पाय फेकला.
उडी खुर्चीने मारली.
"खुर्चीचे पाय धरायचे नाहीत!" तिवा ओरडली.
"मग स्टीलचा तरी का धरायचा?"

भाताच्या रांगेतल्या पोरी वळल्या.
फ्रेमाची थोरली सून रडता रडता हसली,
की हसता हसता रडली,
ते मी मांडलं नाही.

एकाचे तीन डाव झाले. दोघींना धाप लागली
आणि दोघींनी सवयीने तिकडे पाहिलं
जिथे तिसरी उभी असायची.
तिथे मी होतो. वही घेऊन.

"ये," बहीण म्हणाली. "गडी कमी पडतोय."
मला येत नाही.
"लिंबूटिंबू म्हणून ये. तुझे गुण कोण धरतंय?"

वही खुर्चीवर ठेवली. वारा पानं उलटू लागला,
उलटू दिली.
बूट काढले. मोज्याला भोक होतं,
ते सगळ्या गावाने पाहिलं.

टाळी.

उडी कसली, जमिनीपासून चार बोटं.
पण त्या चार बोटांत
माझं कुणाकडे येणं नव्हतं,
कुणाचं माझ्याकडे देणं नव्हतं,
आणि पाय, मला न विचारता,
डावा पुढे गेला.

समोर तिवाचाही डावा.

"जुळला!" ती म्हणाली. मग थांबली.
"जुळला की गुण कुणाचा?"
तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.
भिंत पाडून तिथे आता पेट्रोलपंप आहे.

जनरेटर खोकून सुरू झाला,
गाणं मधूनच लागलं,
आणि फ्रेमाची नात, पुढचे दोन दात पडलेली,
आम्हाला कोपराने बाजूला सारत आत शिरली.
"सरका," म्हणाली. "आता मी."