वीतभर काळं

सभेत ठरलं, यंदा इमारत बाहेरून धुऊन घ्यायची.
कोणी म्हणालं जेट पंप, दोन दिवसांत मोकळे.
कोणी म्हणालं ॲसिड, मेहुण्याच्या बिल्डिंगला मारलं होतं,
कशी लख्ख निघाली.
मी सेक्रेटरी. इतिवृत्तात दोन्ही लिहून घेतलं.

मग परकार आले.
गामदेवीच्या आमच्या गल्लीत, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून
चहा गार होईतो नुसते भिंतीकडे बघत राहिले.
'मालाडचा दगड,' म्हणाले, 'सांध्यात चुना.
पंप मळाआधी चुना काढेल.
मळ काय, परत येतो. चुना येत नाही.'
किती दिवस? बावीस.
सभेत खुर्च्या करकरल्या.

पहिल्या दिवशी मागच्या बोळात, पायपाच्या आड,
जिथे कोणी मान वळवत नाही,
फरशीएवढी जागा साध्या पाण्याने धुतली
आणि निघून गेले.
'वाळू द्या. ओला दगड खोटं बोलतो.'

दुसऱ्या दिवशी मीटरच्या पेट्या प्लास्टिकात गुंडाळल्या,
दारोदार जाऊन खिडक्या लावून घेतल्या.
तिसऱ्या दिवशी गच्चीवर दोर.
एक कामाचा, एक जिवाचा,
दोन्ही वेगवेगळ्या खांबांना.
कठड्याला बांधा की, म्हणाले सबनीस, जवळ पडेल.
'कठडा टेकायला असतो, साहेब.'
भाचा नवाज गाठ मारायचा,
परकार ती रोज सकाळी सोडायचे
आणि पुन्हा त्याच्याकडूनच मारून घ्यायचे.

मऊ केसांचा ब्रश. तारेचा नाही, घासणीही नाही,
तिचा एक तुकडा अडकला तरी पावसात गंजून रडतो.
आणि भिजवणं खालून वर!
मी जन्मभर जिना वरून खाली झाडलेली बाई,
तोंड उघडणार तोच दिसलं :
वरून सुटलेलं काळं पाणी
खालच्या भिजल्या दगडावरून नुसतं घसरत गेलं,
कोरडा असता तर पिऊन बसला असता.

पिंपळ उपटला नाही. कापला.
'ओढलात तर भिंत हातात येईल.'
तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर पारव्याची दोन पिल्लं होती,
अंगावर अजून पिवळी लव.
दोर तेवढा छज्जा सोडून पुढे सरकला.

माझ्या खिडकीखाली ते सर्वांत शेवटी आले.
तिथे मामंजींचा ओघळ.
तीस वर्षं याच खिडकीत बसून पान,
तीस वर्षं पिकदाणी हाताशी असून.
मी लग्न होऊन आले तेव्हा तो करंगळीएवढा होता,
ते गेले तेव्हा खालच्या वागळ्यांच्या कमानीपर्यंत.
त्यावरून किती भांडले, ते इतिवृत्तात नाही.

परकारांनी मुलतानी मातीचा लेप दिला,
जखमेला द्यावा तसा. वाळला, काढला.
पुन्हा दिला. पुन्हा.
चौथ्यांदा बोटाने चाचपून म्हणाले,
'बाई, याच्यापुढे घासलं तर दगड जाईल.
हा आता त्याचाच रंग धरा.'
फिकट विटकरी, कळेल न कळेलसा.
मी म्हटलं, राहू दे.
आवाज माझा मलाच नवा वाटला.

बाविसावा दिवस. परांची नव्हतीच, दोर तेवढे उतरले.
इमारत मधाच्या रंगाची.
इतकी वर्षं आम्ही हिला करडी म्हणत होतो,
फॉर्मांवरसुद्धा.
फक्त कंगोऱ्याखाली एक वीतभर काळं जसंच्या तसं.
सबनिसांनी लगेच बोट दाखवलं :
एवढं राहिलं, याचे पैसे कापा.
'राहिलं नाही, ठेवलंय,' परकार म्हणाले.
'पुढच्या धुणाऱ्याला कळायला नको,
आम्ही काय काढलं, किती काढलं?'

पैसे कापायचा ठराव आला. अनुमोदक मिळाला नाही.

मार्चात एका सकाळी, न बोलावता,
दोघं गच्चीवर हजर. एक दोर कामाचा, एक जिवाचा.
छज्जा रिकामा झाला होता.
अर्ध्या तासात धुऊन खाली उतरले.
बिल विचारलं तर नवाज हसला.
परकार गाठी सोडत होते.