उलटा ओटा

शनिवारी सकाळी एबेर आला,
ट्रेलरवर मिक्सर घालून, मी न बोलावता.
तसं आता तो आमचा कोण लागतो?
मिर्ता चार वर्षांपूर्वी बिल्बावला गेली,
तिथं तिला कुणी भेटलाही,
कागद झाले, मेहुणा सुटला.
पण मिक्सर त्याच्याकडेच होता
आणि मला ओटा हवा होता,
अंगणात, मांस भाजायच्या जाळीला लागून,
जिथं अकरा वर्षं आम्ही
दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकून भागवलं.

साचा मी आधीच ठोकून ठेवलेला,
पांढऱ्या गुळगुळीत सनमायकाचा,
दोन मीटर दहा बाय सत्तर,
कोपऱ्यांत सिलिकॉन, बोटानं ओढलेलं.
एबेरनं वाकून त्या रेघेवरून नख फिरवलं.
"इथं तुझं बोट थरथरलंय," म्हणाला,
"ते दगडात येणार."

ह्या कामाची गंमत अशी
की तोंड खाली असतं.
ज्यावर पुढं पाव कापायचा, पेले ठेवायचे,
ते तळाशी, अंधारात, साच्याला चिकटून.
आपण राबतो ते पाठीवर.
थापी कितीही फिरवा,
खाली काय उमटतंय
ते उलटं केल्याशिवाय कळत नाही.

"पाणी कमी."
"अजून कमी?"
माल असा हवा, तो म्हणाला,
की मुठीत धरला तर राहावा
आणि सोडला तर विचार करून पडावा.
घमेल्यामागून घमेलं.
मध्ये सळयांची जाळी, परत माल,
मग रबरी हातोड्यानं साच्याच्या कडा ठोकत
आम्ही दोघं समोरासमोर.
बुडबुडे वर येऊन फुटत होते.
"फोन येतो का तिचा?"
मी दोन ठोके जास्त मारले.
"येतो. रविवारी."
त्यानंतर बराच वेळ नुसता हातोडाच.

संध्याकाळी तूको
ओल्या मालावरून सरळ चालत गेला,
हाक मारली तेव्हा थांबून मागं पाहिलं
आणि आणखी एक पाऊल टाकलं.
एबेर थापी घेऊन धावला.
म्हटलं, राहू दे, पाठच तर आहे.

सात दिवस पाणी मारलं.
वर जुनी घोंगडी, निळ्या काठाची, भिजवून.
तो रोज कामावरून परतताना यायचा.
घोंगडी त्यानं ओळखली असणार,
काही बोलला नाही,
पाइप जरा जास्त वेळ धरून उभा राहिला.

आठव्या दिवशी ओलेगारिओचे दोन्ही मुलगे आले.
पावणेदोनशे किलो, चार माणसं,
खाली ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबा,
आणि एकमेकांवर ओरडणं, "थांब!", "तुझ्या बाजूनं!"
साचा सुटताना चुंबनासारखा आवाज झाला,
पोरं हसली.
राखाडी. कुठं ढग, कुठं सपाट.
डावीकडं मसुराएवढं एक भोक,
आणि कोपऱ्यात माझं बोट
थरथरलेलं, आता कायमचं.
एबेरनं भोकावर अंगठा ठेवला. "भरू?"
"नको."
मेण लावलं, फडक्यानं, गोल गोल.

पुढच्या रविवारी निखारे पडले,
कुणीतरी लिंबू थेट ओट्यावर कापलं,
पांढरा डाग उठला, एबेर हळहळला.
तेवढ्यात फोन.
मी मिर्ताला ओटा दाखवला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"छान. कोपऱ्यात वाकडा आहे पण."
"ते ह्याचं बोट," चौकटीबाहेरून एबेर बोलून गेला.

तिकडं कुठल्याशा नळाचं पाणी वाहत होतं, ते थांबलं.
"कोण आहे तिथं?"
"मिक्सरवाला," मी म्हणालो.

एबेर जाळीकडं वळला,
होते तेच निखारे पुन्हा सारखे करू लागला.
ओट्याखाली तूको झोपला होता
पाय पसरून,
आपल्याच पावलांच्या ठशांखाली.