सव्वीस मणके

कोपरखैरण्याच्या अभ्यासिकेत माझी खुर्ची एकोणीस नंबरची.
भिंतीवरचा पंखा अठरापर्यंत येतो
आणि परत वळतो.
हे दुसरं वर्ष बघतेय मी.
पहिल्या वर्षी चारशे एकतीस आले,
आत्याने फोनवर विचारलं, कितीपैकी?

आता एक ओळ चारदा वाचते.
नेफ्रॉन मला झोपेतही काढता येतो,
पण सराव परीक्षेत घड्याळाकडे नजर गेली
की बोटं गार पडतात, कानात गिरणी सुरू होते
आणि मी हात वर करून बाथरूमला जाते.
तिथे बेसिनमागे फरशा आहेत, आडव्या नऊ, उभ्या चौदा.
एक फुटकी. ती मी अर्धी धरते.
मोजून, तोंडावर पाणी मारून परत येते
तोवर अकरा मिनिटं गेलेली असतात.

ज्युली वर्गीस म्हणते, चौकोनी श्वास घे,
चार आत, चार धर, चार बाहेर.
मी घेते.
मला चारच्या आधी वजा ऐकू येतं.

नाडीही मोजते. पंधरा सेकंद, गुणिले चार.
एकशे आठ.
एकशे आठ का, म्हणून परत मोजते. एकशे सोळा.
याचं कारण पुस्तकात आहे, आकृतीसकट पाठ आहे मला,
मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी.
त्यांना मी पाठ नाही.

अप्पा तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात.
गाडी उशिरा लागली तर पहाटे तीनला येतात.
दिवा दिसला तरी विचारत नाहीत, झोपली का नाहीस.
चप्पल, शर्ट, मग चटईवर पालथे.
आधी म्हणायचे, डाक्टर, बाम.
गेल्या जूनपासून नुसतं, बाळ, बाम.

जिथे गोणी टेकते तिथली कातडी टाचेसारखी झालीय.
मी अंगठ्याने वरून खाली येते.
मानेचे सात, सातवा बोटाला लागतो.
छातीचे बारा, आठव्यापाशी ते हं करतात.
कमरेचे पाच. चौथ्यावर श्वास धरतात.
पुस्तकात चौथ्याबद्दल वेगळं काही दिलेलं नाही.

एका रात्री विचारलं, सगळी मिळून किती हायती गं?
सव्वीस. जन्मताना तेहतीस असतात.
बाकीची सात कुठं गेली?
एकमेकांना चिकटतात, अप्पा. वय वाढलं की.
मला वाटलं झोपले.
मग उशीत तोंड ठेवूनच म्हणाले,
आमची टोळी बी तेहतिसाचीच हुती.
चिकटून ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं.
आणि स्वतःच हसले, पाठ हलली,
माझा अंगठा घसरला, मीही हसले.
त्या रात्री नाडी मोजायची राहून गेली.

रविवारी परीक्षा वाशीच्या एका शाळेत,
चौथीच्या मुलांचे बाक, गुडघे मावत नव्हते.
त्रेचाळिसाव्या प्रश्नाला बोटं गार पडायला लागली.
हात वर करणार,
तेवढ्यात कपाळाशी नेलेल्या बोटांना वास आला.
निलगिरी, कापूर,
आणि तीनदा साबण लावूनही न गेलेला कांदा.
सात. बारा. पाच.
उठले नाही.

सगळं नीट झालं असं नाही.
भौतिकीतले सोळा सोडले, दोन अंदाजाने ठोकले,
त्यातला एक चुकणार हे ठोकतानाच कळलं होतं.
उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात तेलकट ठसा उमटला,
तो पुसायला गेले आणि तेच बोट डोळ्याला लागलं.
पर्यवेक्षक वाकून हळूच म्हणाले, रडतेस का गं?
नाही सर. बाम आहे.
ते पुढच्या बाकाकडे गेले.
मी चव्वेचाळिसावा वाचला.
दोनदा वाचावा लागला,
पण दोनदाच.